वेणीचे वजन

गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून चार दिवसांच्या सुटीवर आमच्याकडे बेळगावास आली होती. मुलगी मूळची निपाणीची. शिक्षणासाठी पुण्यास गेली आणि तेथेच एका स्टुडिओत नोकरीस लागली. तेथे ती नेमके काय करते असे कोणी विचारले, की आमच्या घरात जराशी पंचाईत होते. 'केसांचे काम करते' असे सांगावे, तर ऐकणाऱ्यास ब्युटी पार्लर आठवते. 'संगणकावर काम करते' असे सांगावे, तर पुढचा प्रश्न पगाराचा येतो. खरी गोष्ट अशी, की संगणकावर तयार होणाऱ्या चित्रपटांतील माणसांचे आणि जनावरांचे केस खरे वाटावेत, वाऱ्याने उडावेत, पाण्याने भिजावेत, यासाठी ती दिवसाचे दहा-दहा तास खपत असते.

फराळ आटोपल्यावर तिने आपला लॅपटॉप उघडला आणि स्वतःच्या हौसेखातर केलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा आजीला, म्हणजे माझ्या आईला, दाखवला. खेडेगावातली दहा-बारा वर्षांची एक मुलगी विहिरीच्या पायऱ्या चढून धावत वर येते आणि कोणीतरी हाक मारल्यासारखी मागे वळून पाहते, एवढेच चित्र. आईने चष्मा सारखा करून ते दोनदा पाहिले आणि म्हणाली, "मुलगी गोड आहे गं. पण हिच्या वेणीला वजनच नाही की! आणि तेलाचं बोटही लागलेलं दिसत नाही केसांना."

आम्ही सारे हसलो. भाचीही हसली, पण तिने तो तुकडा पुन्हा लावला, मग पुन्हा एकदा लावला, आणि शेवटी म्हणाली, "आजी, खरं आहे तुझं. ही वेणी रिबिनीसारखी उडतेय."

मी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकविले. एखाद्या गोष्टीचे 'का' कळल्यावाचून मला चैन पडत नाही. वेणीला वजन नाही, ही गोष्ट चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या डोळ्यांना दिसते. मग एवढ्या सामर्थ्यवान यंत्राला ती का साधू नये? सुटीच्या उरलेल्या दिवसांत भाचीला प्रश्न विचारून मी भंडावून सोडले आणि ती गेल्यावर मिळेल ते वाचून काढले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

एक लाख धागे

माणसाच्या डोक्यावर साधारणपणे एक लाख केस असतात. प्रत्येक केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक. तो ताणला तर जवळजवळ लांबत नाही. पण वाकवला तर सहज वाकतो आणि पिळला तर पीळ खातो. अशा एका केसाचे चलनवलन गणिताने मांडणे फारसे अवघड नाही. मण्यांची माळ कल्पावी, दोन मण्यांमध्ये लहानशी स्प्रिंग आहे असे समजावे, आणि गुरुत्वाकर्षण व वारा यांचा प्रत्येक मण्यावर काय परिणाम होतो ते काढावे. संगणक हे काम क्षणार्धात करतो.

अडचण सुरू होते ती केस एकमेकांना शिवतात तेथे. डोक्यावरचा कोणताही केस दुसऱ्या कोणत्याही केसाला भिडू शकतो. एक लाख केसांतून दोन-दोनच्या जोड्या किती होतील याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा; तो पाचशे कोटींच्या घरात जातो. चित्रपटात दर सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. दीड तासाच्या चित्रपटात अशी १,२९,६०० चित्रे होतात. प्रत्येक चित्रात प्रत्येक जोडीची विचारपूस करीत बसले, तर चित्रपट नातवंडांच्या हयातीतही पुरा व्हावयाचा नाही.

हाताने चित्रे काढून कार्टूनपट करणाऱ्या कलावंतांपुढे हा प्रश्न उभा राहत नसे. १९५६ साली डिस्नेकडील क्लेअर वीक्स हे चित्रकार भारतात आले आणि मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधील कार्टून विभागातील मंडळींना त्यांनी या कलेचे धडे दिले. जी. के. गोखले, राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्या विभागातले. या पिढीची रीत अशी, की केसांची एक बाह्यरेषा काढावयाची, तीत रंग भरावयाचा, दोन-चार रेषांनी बटा सुचवावयाच्या. बाकीचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवावयाचे. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतींचे पाठीवर मोकळे सोडलेले केस आपल्या आजोळच्या भिंतींवरील तसबिरींत पिढ्यान् पिढ्या पाहिलेले आहेत. चित्रकाराला ते केस एकदाच, एकाच क्षणी स्थिर झालेले दाखवावयाचे होते. संगणकाला मात्र रेषेने 'सुचविणे' जमत नाही. त्याच्या जगात प्रत्येक वस्तूला लांबी, रुंदी आणि खोली असते. तेथे केस दाखवावयाचा, तर तो खरोखर 'उगवावा' लागतो.

आधी खेळणी, मग माणसे

म्हणूनच संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, १९९५ सालचा 'टॉय स्टोरी', खेळण्यांची गोष्ट सांगतो. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत बाहुल्यांना केसांची कटकट नसते. त्यात माणसे होती ती थोडी आणि बेताच्या केसांची.

१९८९ साली अमेरिकेत जेम्स काजिया आणि टिमोथी के या दोघा संशोधकांनी लोकर भरलेल्या एका खेळण्यातल्या अस्वलाचे चित्र संगणकावर तयार केले होते आणि प्रत्येक तंतूवर उजेड कसा पडेल याचे गणित मांडले होते. त्यानंतर एक तप गेले. २००१ साली 'मॉन्स्टर्स, इंक.' या चित्रपटात सली नावाचा निळा केसाळ राक्षस आला. त्याच्या अंगावर सुमारे २३ लाख केस होते. त्याच वर्षी हवाई बेटांवरील होनोलुलू येथील स्टुडिओत तयार झालेल्या 'फायनल फँटसी' या चित्रपटाच्या नायिकेला सुमारे ६०,००० केस देण्यात आले. केसांचे कौतुक झाले, चित्रपट मात्र चालला नाही आणि तो स्टुडिओच बंद पडला.

सलीचे केस संख्येने अधिक, तरी आखूड. आखूड केस अंगालगतच राहतात. फार तर वाऱ्याने लवतात. लांब केसाचे तसे नाही. तो खांद्यावर पडतो, मानेवरून घसरतो, कपड्याला चिकटतो, चेहऱ्यावर येतो. २००४ सालच्या 'द इन्क्रेडिबल्स' या चित्रपटात व्हायोलेट नावाची एक बुजरी मुलगी आहे. लोकांनी आपल्याकडे पाहू नये म्हणून ती केसांआड तोंड लपवते आणि गोष्ट पुढे सरकते तसे तिचे केस चेहऱ्यावरून मागे जातात. म्हणजे तिचा स्वभावच केसांतून सांगावयाचा होता! त्या चित्रपटातील अत्यंत कठीण कामांत तिच्या केसांची गणना होते.

पुढारी केस आणि त्यांचे अनुयायी

मग पाचशे कोटी जोड्यांचा प्रश्न सुटला कसा? जगात पुष्कळ प्रश्न सुटतात तसाच: सर्वांना न विचारता काही मोजक्यांना विचारून. एक लाख केसांतून शेकडा-हजारभर केस निवडतात. त्यांना वाट दाखविणारे केस, आपण पुढारी केस म्हणू. त्यांचेच गणित पुरतेपणी करतात. बाकीचे केस आपल्या जवळच्या पुढाऱ्यामागून चालतात. पाहणाऱ्याला वाटते, की लाख केस आपापल्या मनाने हलत आहेत.

२०१० सालच्या 'टँगल्ड' या चित्रपटातील रापुन्झेल राजकन्येचे केस सत्तर फूट लांब होते आणि संख्येने एक लाखाच्या वर. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात केसांच्या गणितावरच पीएच.डी. मिळविलेल्या केली वॉर्ड या विदुषी या कामासाठी डिस्नेच्या स्टुडिओत कित्येक वर्षे झटत होत्या. आपण आपला एक हिशेब करून पाहू. सत्तर फुटांचे एक लाख केस एकापुढे एक जोडले, तर ती रेषा सुमारे २,१०० किलोमीटर भरते. म्हणजे बेळगावहून निघून दिल्लीही मागे टाकते. केसाच्या जाडीवरून वजन काढले, तर ते दहा किलोच्या आसपास जाते. खरी मुलगी एवढा भार डोक्यावर घेऊन धावू शकणार नाही. म्हणून तेथे निसर्गनियमांना थोडी मुरड घालावी लागली; केस जमिनीवरून घासत न अडकता सरकावेत यासाठी घर्षण हवे तेथे कमी, हवे तेथे अधिक असे ठरवून द्यावे लागले.

संगणकी चित्रपटांत अशी लबाडी सर्रास चालते आणि तिला कोणी पाप मानीत नाही. २०१३ सालच्या 'फ्रोझन' या चित्रपटात एल्साला चार लाखांहून अधिक केस दिलेले होते. गाणे गाताना ती आपली जाड वेणी पाठीवरून खांद्यावर पुढे घेते. तो क्षण थांबवून पाहिला, तर वेणी तिच्या दंडाला वळसा घालून येत नाही, आरपार निघून पुढे येते! आपल्याकडची कोणतीही शाळकरी मुलगी दिवसातून वीस वेळा जे सहज करते, ते एवढ्या मोठ्या स्टुडिओलाही सरळ मार्गाने साधले नाही. पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांना गाण्याच्या भरात ते जाणवले नाही, हा भाग वेगळा.

कुरळ्या केसांचे कोडे

सरळ केसांवर विजय मिळाल्यावर यंत्र कुरळ्या केसांपाशी अडले. २०१२ सालच्या 'ब्रेव्ह' या चित्रपटाची नायिका मेरिडा ही स्कॉटलंडची राजकन्या. तिचे तांबडे, दाट, कुरळे केस हेच तिचे व्यक्तिमत्त्व. कलावंतांनी तिच्या डोक्यावर सुमारे १,५०० बटा हाताने मांडल्या आणि त्यांपासून संगणकाने १,११,००० हून अधिक केस उभे केले.

कोडे असे होते. कुरळी बट ही स्प्रिंगसारखी असते. घोडा दौडू लागला, की धक्क्याने ती उलगडते. कुरळेपणा नाहीसा होऊन केस सरळ लोंबू लागतात. ती उलगडू नये म्हणून कडक करावी, तर ती तारेसारखी ताठ राहते आणि केसांचा मऊपणा जातो. पिक्सारच्या संशोधकांनी तोड काढली ती अशी: प्रत्येक बटेच्या मधोमध एक अदृश्य गाभा कल्पिला. गाभा मऊ ठेवला, म्हणजे बट डुलते. त्याभोवतीचे वेढे मात्र आपला आकार सोडीत नाहीत. डोलणे एकाकडे आणि आकार राखणे दुसऱ्याकडे अशी कामाची वाटणी झाली आणि कोडे सुटले.

गुंता

केस एकमेकांना धरून का ठेवतात, हे समजण्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करावा. गळलेला एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये बोटांच्या दिशेने उभा धरावा आणि बोटे एकमेकांवर मागे-पुढे चोळावीत. केस जागच्या जागी राहत नाही. तो मुळाच्या दिशेने हळूहळू सरकत जातो. कारण असे, की केसाच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची तोंडे टोकाकडे असतात. मुळाकडून टोकाकडे हात फिरवला तर केस गुळगुळीत लागतो, उलट फिरवला तर खरखरीत. लोकरीच्या तंतूवरही असेच खवले असतात. लोकरी स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला तर आटून लहान मुलाच्या मापाचा होतो, तो या खवल्यांच्या गुंत्यामुळेच.

आपल्या भागात या गुंत्याने निराळे दुःखही पाहिले आहे. केस दिवसेंदिवस विंचरले गेले नाहीत, त्यांत घाम आणि धूळ बसली, की ते एकमेकांत अडकून त्यांची जट होते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परंपरेत ही जट म्हणजे देवीचे बोलावणे असे मानले गेले आणि त्यापायी कित्येक गरीब घरांतील मुली देवीला वाहिल्या गेल्या. कर्नाटक सरकारने १९८२ साली ही प्रथा बंद करणारा कायदा केला. पण कायद्याच्या आधीपासून आणि नंतरही, बायकांच्या शेजारी बसून, त्यांची भीती घालवून, कात्रीने जटा सोडविणारे कार्यकर्ते सीमेच्या दोन्ही बाजूंना होते आणि आहेत. जट ही केसांच्या खवल्यांची करामत आहे, देवीचा कोप नव्हे, एवढे ज्ञान वेळेवर पोहोचले असते, तर किती आयुष्ये वाचली असती! केसाचे शास्त्र ही केवळ करमणुकीची बाब नाही, एवढे सांगण्यासाठी हा विषय येथे आणला.

याच खवल्यांच्या घर्षणामुळे वेणीही टिकते. तीन पेड एकमेकांवर आवळले, की शेकडो जागी केस केसाला धरून ठेवतो. आणि येथेच माझ्या आईच्या वाक्याचा उलगडा होतो. लांबसडक केसांचे वजन सारे मिळून पाव किलोच्या आसपास भरावे. ते मोकळे सोडले काय किंवा त्यांची वेणी घातली काय, वजन केसभरही बदलत नाही. मग वेणीच तेवढी जड का दिसते? मोकळ्या केसांत वारा शिरतो आणि एकेका केसाला उचलून धरतो, म्हणून ते तरंगतात. वेणीत वाऱ्याला शिरावयास जागाच नसते. डोके वळले, की वेणी क्षणभर मागे राहते, मग झोका घेते, शेंडा सर्वांत शेवटी येतो, आणि ती पाठीवर आपटते. भाचीने आपल्या मुलीच्या वेणीला मोकळ्या केसांचाच वारा दिला होता. ती रिबिनीसारखी उडाली यात नवल नाही.

उजेड आणि तेल

राहिला तेलाचा मुद्दा. केस नुसते हलून भागत नाही. ते चमकावे लागतात. २००३ साली स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका केसावर प्रकाशझोत सोडून मोजमाप केले. केसावर पडलेला उजेड तीन वाटांनी निघतो असे त्यांनी दाखवून दिले. काही उजेड पृष्ठभागावरूनच परततो. तो पांढरा असतो. काही केसात शिरून पलीकडे निघून जातो. आणि काही आत शिरून, पलीकडच्या बाजूवर आपटून मागे येतो. तो केसाचा रंग घेऊन येतो. खवले तिरपे असल्यामुळे पांढरी झळाळी आणि रंगीत झळाळी एका जागी पडत नाहीत, किंचित सरकलेल्या असतात. हे सरकणे गणितात आले, तेव्हापासून पडद्यावरचे केस नायलॉनसारखे दिसेनासे झाले.

सोनेरी केसांतून उजेड आरपार खेळतो आणि एका केसातून दुसऱ्यात जातो, म्हणून ते आतून उजळल्यासारखे दिसतात. आपल्या काळ्याभोर केसांत शिरलेला उजेड बहुतेक आतच जिरतो. दिसते ती मुख्यतः वरची झळाळी. त्यावर खोबरेल तेल चोळले म्हणजे दोन गोष्टी घडतात. पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर बसून झळाळी वाढते, आणि सुटे केस एकमेकांना चिकटून त्यांच्या बटा होतात. बट झाली, की दहा-वीस केस मिळून एकदम हलतात. म्हणजे तेलाने केवळ रंगरूप बदलत नाही, चालही बदलते. शिकेकाईने न्हाऊन सुकविलेले भुरभुरे केस, तेल लावून चापून-चोपून बसविलेले केस आणि आमच्या बेळगावच्या आषाढ-श्रावणात चार-चार तास न वाळणारे ओलसर केस, ही तिन्ही एकाच मुलीची असली, तरी संगणकाच्या दृष्टीने तीन वेगळी डोकी आहेत.

कोणाचे केस?

येथपर्यंत आल्यावर मी भाचीला विचारले, "मग तुमच्या यंत्रात तेल लावलेल्या केसांची सोय नाही का?"

ती म्हणाली, "मामा, सोय करता येते. पण ती आपणहून करावी लागते. यंत्र सुरू केलं की समोर जे केस येतात, ते शॅम्पूने धुतलेले, कोरडे आणि मोकळे असतात."

हे उत्तर मला विचार करावयास लावणारे वाटले. यंत्राला स्वतःची आवडनिवड नसते. पण ज्यांनी ते घडविले, त्यांच्या डोळ्यांसमोर जे केस होते, तेच त्याने आधी शिकले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे थिओडोर किम, जे पूर्वी पिक्सारमध्ये संशोधक होते, त्यांनी हीच गोष्ट आपल्या क्षेत्रातील विद्वानांना स्पष्टपणे सुनावली. आजवर 'मानवी केस' म्हणून जे संशोधन झाले ते मुख्यतः सरळ किंवा नागमोडी केसांचे आहे. आफ्रिकी वंशाच्या कोट्यवधी लोकांचे घट्ट वळ्यांचे केस त्यात जवळजवळ नाहीतच, असे त्यांचे म्हणणे. किम व त्यांचे सहकारी यांनी २०२४ साली अशा घट्ट वळ्यांच्या केसांच्या हालचालीचे गणित प्रसिद्ध केले. ए. एम. डार्क या कलावंत-प्राध्यापकांनी अशा केसांचे नमुने कोणासही वापरता यावेत म्हणून त्यांचा संग्रह करण्याचे काम हाती घेतले. आपले केस पडद्यावर नीट यावेत यासाठी ज्यांचे केस होते त्यांनाच पुढे यावे लागले, हे यातले ध्यानात ठेवण्यासारखे.

आपल्या मुलांमध्ये कसब नाही असे मुळीच नाही. २०१२ सालच्या 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटातील वाघ पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातील बहुतेक दृश्यांत वाघ नव्हताच. होते ते संगणकावर घडविलेले जनावर, भिजलेल्या केसांसकट. रिदम अँड ह्यूज या अमेरिकन स्टुडिओच्या त्या कामात त्याच्या मुंबई आणि हैदराबाद येथील शाखांतील मुलामुलींचा हात होता. २०१३ च्या फेब्रुवारीत त्या कामास ऑस्कर मिळाले आणि त्याच महिन्यात त्या स्टुडिओने दिवाळे जाहीर केले. कसबाला मान मिळतो, पण त्यावर चूल चालेलच असे नाही, हा धडाही त्यात आहे. पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील स्टुडिओंतून आजही अशी हजारो मुले परदेशी चित्रपटांतील केस विंचरीत बसलेली आहेत. ती सोनेरी केस उत्तम करतात. त्यांना अंबाडा करावयास कोणी सांगितलेलेच नसते.

आणि आपल्या कथा तर केसांवाचून पुऱ्याच होत नाहीत. शंकराच्या जटेत गंगा अडकते. द्रौपदीच्या मोकळ्या केसांपायी भीम प्रतिज्ञा करतो. भट्टनारायणाने आपल्या संस्कृत नाटकाला नावच 'वेणीसंहार' असे दिले, म्हणजे सुटलेली वेणी पुन्हा बांधणे. उद्या कोणी महाभारतावर संगणकी चित्रपट काढील, तेव्हा त्या द्रौपदीचे केस रापुन्झेलसारखे झुळझुळले, तर प्रतिज्ञेचा अर्थच हरवेल. तेरा वर्षे न बांधलेले केस कसे दिसतात, कसे हलतात, हे कोणीतरी आधी नीट पाहिलेले असावे लागेल.

पाहण्यासाठी नाव ठाऊक असावे लागते. आपल्याकडे तिपेडी वेणी आहे, चौपेडी आहे, पाचपेडी आहे, खोपा आहे, बुचडा आहे, अंबाडा आहे, गंगावन आहे, तान्ह्या मुलाचे जावळ आहे. शेजारच्या कानडी घरात नवरीच्या पाठीवर कळ्यांनी मढविलेली 'मोग्गिन जडे' असते आणि सीमाभागातील आपल्या मुलींनाही ती तितक्याच हौसेने घातली जाते. या प्रत्येक शब्दामागे केस धरण्याची, आवळण्याची, सोडण्याची एक वेगळी रीत आहे. शब्द गेला, की रीत दिसेनाशी होते. आणि जी रीत दिसत नाही ती यंत्रात कोण घालणार? महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांना शब्द जाण्याचे दुःख निराळे समजावून सांगावयास नको.

पाडव्याची दुपार

पाडव्याच्या दुपारी भाचीने शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीला, तिच्या आईची परवानगी घेऊन, आमच्या ओसरीवर बसविले. आईने वाटीत तेल कोमट केले. भाचीने समोर कॅमेरा मांडला आणि वही उघडली. आईचे हात आता थरथरतात. सुईत दोरा ओवणे तिला जमत नाही. पण केसांत बोटे गेली आणि थरथर थांबली. तिने फणीच्या टोकाने भांग पाडला, तिन्ही पेड हातांत तोलून पाहिले, एकातले थोडे केस दुसऱ्यात सारले.

"हे का केलंस, आजी?" भाचीने विचारले.

"पेड सारखे नकोत? एक जड झाला तर वेणी एका अंगाला वळते."

भाचीने ते लिहून घेतले. वरचे तीन वेढे घट्ट, मधले जरा सैल, खाली पुन्हा घट्ट. शेवटच्या चार बोटांवर रिबिनीचा पेड मिसळून वर दुमडून गाठ. का, असे विचारले की आईला प्रत्येक वेळी क्षणभर थांबावे लागे. इतक्या वर्षांत तिला कोणी विचारलेच नव्हते. माझ्या बहिणीची वेणी तिने निपाणीला सासरी पाठवीपर्यंत रोज घातली आणि मी रोज शेजारी अभ्यासाला बसत असे. पण विचारावे असे मलाही कधी वाटले नाही. शास्त्राच्या तासाला मी मुलांना प्रश्न विचारावयास शिकवीत होतो!

मग त्या मुलीला अंगणात धावावयास सांगितले. ती तुळशीवृंदावनाला वळसा घालून धावली, हाकेसरशी वळली, आणि वेणी तिच्या पाठीवर थाड्कन आपटली. ती दोनदा-तीनदा धावली, मग कंटाळून लाडू मागू लागली.

गेल्या महिन्यात भाचीने तो तुकडा नव्याने करून पाठविला. मी आईला दाखवला. तिने चष्मा सारखा केला, दोनदा पाहिले आणि म्हणाली, "आता बरी आहे. पण भांग जरा वाकडा पडलाय. तिला म्हणावं, ये एकदा, दाखवते."

भाचीने रजेचा अर्ज दिला आहे.